गळ्याच्या ऑपरेशनआधी प्रत्येकाचा सीटी अँजिओ का करू नये?

रंकाळाकाठ
गेल्या महिन्यात इथंच कोल्हापुरात आईच्या थायरॉइडचं ऑपरेशन झालं. गाठ छातीच्या हाडामागं उतरलेली, म्हणून आधी डाय घालून सीटी काढला आणि त्यात भलतंच निघालं. उजव्या हाताला रक्त नेणारी सबक्लेव्हियन धमनी नेहमीच्या जागी नव्हतीच. महाधमनीच्या कमानीवरून सगळ्यात शेवटी, डावीकडून निघून अन्ननलिकेच्या मागनं उजवीकडं गेलेली. अठ्ठावन्न वर्षं आईला पत्ता नाही! सर्जन म्हणाले, अशा माणसात उजवीकडची आवाजाची नसही आडवाटेनं येते, माहीत नसलं तर कापली जाऊ शकते. आईचा आवाज शाबूत आहे, भाजीवालीला विचारा. माझं म्हणणं एवढंच, की गळ्याला सुरी लावण्याआधी प्रत्येकाच्या रक्तवाहिन्यांचा नकाशा, म्हणजे डाय घालून सीटी अँजिओ, काढा. ऑपरेशनला एवढा खर्च होतो, त्यात हा थोडा.

सुरीधार
मी गळ्याचीच ऑपरेशनं करतो आणि मला हे अजिबात पटलेलं नाही. आईंचा सीटी गाठ खाली उतरली म्हणून काढला, धमनी हुडकायला नव्हे. अशी वाकडी धमनी शंभरात साधारण एकाला असते. तिच्यासाठी बाकी नव्याण्णवांच्या शिरेत डाय सोडायचा? त्यात आयोडीन असतं, आणि समोर बसलाय थायरॉइडचा पेशंट! गाठ कॅन्सरची निघाली आणि पुढं किरणोत्सारी आयोडीन द्यायचं ठरलं, तर काही आठवडे थांबावं लागतं, कारण उरलेल्या पेशी आधीच आयोडीन पिऊन बसलेल्या असतात. काही गाठींत थायरॉइड उलट भडकतं. किडनी अधू असेल तर आणखी घोर. नस डोळ्यांनी दिसेपर्यंत आडवं काहीही कापायचं नाही, हा नियम पाळला की बहुतेक नसा वाचतात.

हाडामांसाचा
धमनी आणि नस यांचा संबंध काय, हे कुणी सांगितलंच नाही. गर्भात ही नस धमनीच्या खालून वळसा घेते. हृदय छातीत उतरतं तेव्हा धमनी तिलाही खाली ओढून नेते, म्हणून नस छातीच्या तोंडापर्यंत जाऊन परत वर येते. उजव्या बाजूची चौथी कमान, जिच्यातून ही धमनी घडते, गर्भातच विरघळली की ओढायला कोणी उरत नाही, मग नस मेंदूतून उतरणाऱ्या व्हेगस या मोठ्या नसेतून सरळ स्वरयंत्रात शिरते. म्हणजे धमनी वाकडी तर नस सरळ. डेव्हिड बेफर्डनं 1794 मध्ये गिळताना त्रास होणाऱ्या बाईत ही धमनी वर्णन केली. तिला 'लुसोरिया' म्हणतात, म्हणजे निसर्गाची थट्टा. बहुतेकांना आयुष्यभर काहीच होत नाही. टेबलावर देह उघडला की पुस्तकातली धमनी पुस्तकातच राहते, हे आम्ही पहिल्या वर्षाच्या पोरांना दरसाल दाखवतो.

शिवाजीपेठकर
रिपोर्टनं माणूस आधी मरतो ओ! आमच्या वडलांच्या सीटीत 'बोव्हाइन आर्च' लिहिलेलं. भाच्यानं नेटवर बघून सांगितलं, बोव्हाइन म्हणजे गाईगुरांचं. दोन दिवस वडील गंगावेशीच्या कट्ट्यावर दूध प्यायला गेले नाहीत. शेवटी डॉक्टर हसून म्हणाले, डोक्याकडं जाणारी डावी कॅरोटिड धमनी उजवीकडच्या मोठ्या धमनीबरोबर एकाच मुळातून निघते एवढंच, आजार नाही.

हाडामांसाचा
आणि नावही चुकीचंच. गाईच्या कमानीतून एकच जाड बुंधा निघतो, माणसातल्या ह्या प्रकाराशी त्याचा मेळ नाही. पण डॉक्टरांनी 'एवढंच' म्हणणं जरा जास्त झालं. उद्या डाव्या कॅरोटिडमध्ये स्टेंट टाकायची वेळ आली, तर जांघेतून वर नेलेल्या कॅथेटरला, म्हणजे बारीक नळीला, तिथं अवघड वळण पडतं. ती ओळ फाईलमध्ये जपून ठेवा.

पहाटड्युटी
सीटीचं भांडण तुमचं चालू द्या. आमच्याकडं रात्री तीनला श्वासनलिकेला भोक पाडायची वेळ येते तेव्हा कसला नकाशा? शंभरात तीन ते दहा जणांना श्वासनलिकेच्या पुढ्यात थायरॉइडिया इमा नावाची जादा धमनी असते, ऐन आम्ही कापतो तिथं. कधी इनॉमिनेट, म्हणजे उजवीकडची ती मोठी धमनीच गळ्यात वर चढून बसलेली असते. म्हणून आधी छातीच्या हाडावरच्या खाचेत बोट ठेवून ठोका लागतो का बघायचं. फुकट आहे आणि दहा सेकंदांत होतं. तरी घाईत राहून जातं, हे मी माझ्याबद्दलच सांगतोय.

काळापांढरा
सोनोग्राफी करतो, म्हणून मधला रस्ता. थायरॉइडची सोनोग्राफी होतेच. शेवटी प्रोब उजव्या हसळीच्या वर टेकवून खाली कलवायचा. मोठी धमनी फुटून उजवी कॅरोटिड आणि सबक्लेव्हियन झालेली दिसली, तर नस बहुतेक नेहमीच्या वाटेची. फाटा दिसलाच नाही, तर सर्जनला फोन. डाय नाही, किरण नाहीत.

रंकाळाकाठ
आयोडीनचं पटलं, 'प्रत्येकाचा सीटी' मागं घेतो. पण आईच्या सीटीआधीच्या दोन्ही सोनोग्राफी आत्ता काढून वाचल्या. गाठीची लांबी-रुंदी आहे, धमनीबद्दल अक्षर नाही.

काळापांढरा
नसणारच. चिठ्ठीवर 'थायरॉइड' एवढंच लिहून येतं आणि बाहेर रांग लागलेली असते.

सुरीधार
चिठ्ठी आमचीच असते, मान्य. पण 'फाटा नॉर्मल' असं लिहून आलं तरी मी नस डोळ्यांनी बघितल्याशिवाय पुढं जाणार नाही.

रंकाळाकाठ
बघा की. चिठ्ठीवर दोन शब्द वाढवायला काय जातंय?