ईएमडीआर : आळीपाळीने थोपटण्याचा प्रयोग घरी करावा का?

प्रश्न
गेल्या वर्षीच्या रस्ते-अपघातातून वाचल्यापासून माझा धाकटा भाऊ रात्री दचकून उठतो आणि महामार्गावरून प्रवास टाळतो. मानसोपचारतज्ज्ञांनी त्याला ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या साहाय्याने त्रासदायक आठवणींवर काम करणारा मानसोपचार) सुचवले आहे, परंतु आमच्या तालुक्यात हा उपचार करणारे कोणी नाही. दरम्यान, छातीवर हात आडवे ठेवून आळीपाळीने थोपटण्याचे व्हिडिओ पाहून तो अपघात आठवत तसे करू लागला आहे आणि नंतर तासन्‌तास अस्वस्थ राहतो. हे चालू द्यावे का?

पहिला प्रतिसाद
मी समुपदेशक आहे. अपघात आठवत थोपटणे त्याने आजच थांबवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ईएमडीआर विकसित करणाऱ्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिन शापिरो यांनी १९८९ मध्ये या पद्धतीचा पहिला अभ्यास प्रसिद्ध केला आणि तिचे पुढे आठ टप्पे ठरले. त्रासदायक आठवणीवर डोळ्यांच्या हालचालींसह (किंवा त्यांच्याऐवजी आळीपाळीने थोपटत) प्रत्यक्ष काम सुरू होते ते चौथ्या टप्प्यात. त्याआधी पूर्वेतिहास घेणे, मन सावरण्याचे मार्ग शिकवणे आणि आठवणीचा त्रास ० ते १० मध्ये किती आहे हे ठरवणे, एवढे सारे झालेले असते. ही तयारी वगळून आठवण उघडली, की ती मिटवायला जवळ कोणी नसते. मात्र केवळ शांत होण्यासाठी, सुखद जागा मनात आणून सावकाश थोपटल्याने बरे वाटत असेल, तर तेवढे करण्यास हरकत नाही.

दुसरा प्रतिसाद
डोळ्यांच्या हालचालींमुळेच गुण येतो का, हा वाद जुना आहे. अनेक अभ्यासांच्या २००१ मधील एका एकत्रित विश्लेषणात त्यांचा वेगळा लाभ दिसला नव्हता, तर २०१३ च्या दुसऱ्या विश्लेषणात तो दिसला. आठवण मनात धरून एकाच वेळी दुसऱ्या कामाकडे लक्ष दिल्याने कार्यकारी स्मृतीवर (त्या क्षणी माहिती मनात धरून ठेवणाऱ्या स्मृतीवर) ताण पडतो आणि आठवणीची तीव्रता घटते, हे स्पष्टीकरण मला सर्वांत पटते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये आघातोत्तर तणाव विकारासाठी (पीटीएसडी) ईएमडीआरची शिफारस केली, पण त्याच्या बरोबरीने आघातकेंद्री बोधात्मक वर्तन उपचाराचीही (आघाताशी जोडलेले विचार आणि वागणे बदलण्यावर भर देणाऱ्या मानसोपचाराची) केली. त्यामुळे जवळच्या शहरात तो उपचार देणारे कोणी असल्यास ईएमडीआरसाठी अडून राहण्याचे कारण नाही.

तिसरा प्रतिसाद
मी हा उपचार व्हिडिओ कॉलवर घेतला आहे. थोपटायचे माझे मलाच होते, परंतु कधी थांबायचे हे समोरच्या मानसशास्त्रज्ञ ठरवत होत्या. आपल्या भावाने पाहिलेली कृती मेक्सिकोतील अकापुल्को येथे, १९९७ च्या चक्रीवादळातून वाचलेल्यांसोबत काम करताना पुढे आली, आणि तेथेही ती प्रशिक्षित माणसांच्या देखरेखीखालीच वापरली गेली. ऑनलाइन उपचारक निवडताना त्यांचे ईएमडीआर प्रशिक्षण कोठे झाले, आणि सत्राच्या मध्यात नेटवर्क तुटल्यास काय करायचे, हे आधीच विचारून घ्यावे. सत्राच्या वेळी आपण शेजारच्या खोलीत थांबावे. तोपर्यंत रात्री त्रास वाढल्यास टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.