पोरांच्या हातातले जुने गेम : कुठले ठेवलेत, कुठले उडवलेत?

तिठा

मुलगा आठ वर्षांचा. यंदा गणपतीच्या चवथीला पुण्याहून येताना भावाने त्याच्यासाठी तो तळहाताएवढा गेमचा डबा आणला. साडेतीन इंची स्क्रीन, आत मेमरी कार्ड, आणि कार्डात म्हणे सहा हजारांवर गेम. पहिल्या संध्याकाळी पोराने काय केलं? एक उघडला, अर्धं मिनिट खेळला, बंद. दुसरा उघडला, सगळी जपानी अक्षरं, बंद. तासाभरात चाळीसेक गेम बघून झाले, खेळला एकही नाही. मग डबा सोप्यावर टाकला आणि "मम्मी, मोबाईल दी."

भाऊ म्हणतो, आपण लहानपणी खेळलो तेच लाव. पण आमच्याकडे टीव्हीला लावायचा एकच गेम होता आणि त्याची एकच कॅसेट, 'नऊ लाख नव्व्याण्णव हजार इन वन' लिहिलेली. आत उलटसुलट फिरवून मोजून सात गेम. निवडायचा प्रश्नच नव्हता.

म्हणून विचारते आहे. सात ते दहा वर्षांच्या पोरांना तुम्ही काय लावून दिलंत? नुसती नावं नकोत, घरात काय झालं ते लिहा.

काजूगर

माझी चूक आधी सांगतो. मुलगी साडेसात वर्षांची, आणि मी तिला पहिला लावून दिला कॉन्ट्रा, तो बंदुका घेऊन पळायचा गेम. म्हापशाला आमच्या आळीत तो ज्याच्या घरी होता त्याच्या दारात उन्हाळाभर चपलांचा ढीग असायचा, त्यामुळे माझ्या दृष्टीने दुसरं काही असूच शकत नव्हतं.

दीड मिनिटात तिचे तिन्ही जीव संपले. एक गोळी लागली की मेला, असला तो हिशेब. मग मी मोठ्या ऐटीत ती जुनी मंत्रावळ शिकवली: वर वर, खाली खाली, डावा उजवा, डावा उजवा, मग बी आणि ए ही बटणं. मिळाले तीस जीव. ते धबधबा चढताना संपले. तिने डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "पपा, हा तुमचाच गेम आहे, तुम्हीच खेळा."

रात्री ती झोपल्यावर मी एकटा खेळून बघितला आणि मलाही मजा येईना. कॉन्ट्रा म्हणून मला जे आठवतं ते म्हणजे शेजारी बसून "अरे उडी मार, उडी मार" ओरडणारा मित्र. तो काही कार्डात येत नाही.

मग लावला गेम बॉय या जुन्या हातातल्या यंत्राचा कर्बी, 1992 चा 'कर्बीज ड्रीम लँड'. तो बनवणाऱ्या मासाहिरो साकुराईंनी नवशिक्यांसाठी म्हणूनच बनवला होता, आणि ते खेळताना कळतं. खड्डा आला की पोटात हवा भरून उडून जायचं. पाचच टप्पे. काळापांढरा बघून तिने आधी नाक मुरडलं ("बॅटरी संपली की काय?"), पण चार दिवसांत पूर्ण केला. आयुष्यात पुरा केलेला पहिला गेम. शेवटची पाटी आली तेव्हा न्हाणीघराच्या दारावर धडका मारून मला बाहेर बोलावलं होतं.

मारिओ त्यानंतर लावला, आणि तो टिकला. एक युक्ती लिहून ठेवा: 1985 च्या पहिल्या मारिओत गेम ओव्हर झाल्यावर सुरुवातीच्या पडद्यावर ए दाबून धरायचं आणि स्टार्ट दाबायचं. ज्या वर्ल्डमध्ये मेलात त्याच वर्ल्डच्या पहिल्या लेव्हलपासून सुरू होतं. इतकी वर्षं ही सोय तिथे होती आणि आमच्या अख्ख्या आळीत एकालाही माहीत नव्हती. दर वेळी पहिल्यापासून!

फेरीबोट

बदकं मारायचा गेम, डक हंट, कार्डात दिसला तर लगेच काढून टाका. तो टीव्हीपुढे खेळण्यातली बंदूक धरून खेळायचा, आणि त्या बंदुकीच्या नळीत प्रकाश ओळखणारा डोळा असायचा. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा व्हायचा, बदकाच्या जागी पांढरा चौकोन यायचा आणि बंदूक तो शोधायची. जुन्या डब्बा टीव्हीवरच चालायचं ते. हातातल्या डब्याला कसली बंदूक? माझ्या पुतण्याने पंधरा मिनिटं बटणं बडवली, कुत्रा हसतोय आणि हा रडतोय.

सोलकढी

आमच्याकडे योशीज आयलंड. 1995 चा आहे, पण चित्रं रंगीत खडूने काढल्यासारखी, आजच्या पोरांनाही जुनी वाटत नाहीत. मुलांसाठी एकदम योग्य, कारण मार लागला तरी लगेच मरत नाही. योशी म्हणजे एक डायनासोर, त्याच्या पाठीवरचं बाळ बुडबुड्यात उडून जातं आणि आकडे उलटे मोजले जातात, तेवढ्यात त्याला परत पकडायचं.

फक्त ते बाळ जे रडतं ना! टॅहॅ टॅहॅ टॅहॅ. सासूबाई दुपारच्या आडव्या झाल्या होत्या, त्या उठून खिडकीत गेल्या, मग शेजारच्यांच्या कुंपणापर्यंत. "कोणाचं पोर एवढं रडतंय, कोणी बघत नाही का?" खरा प्रकार कळल्यावर त्यांनी नातवाला सांगितलं, एकतर बाळ नीट सांभाळ नाहीतर तो खेळ बंद कर. आता तो बाळ सांभाळतो. म्हणजे आवाज बंद करून खेळतो.

पोफळ

सत्तरी तालुक्यात घर, मागे कुळागर, म्हणजे सुपारीची बाग. मुलगा नऊ वर्षांचा, पाचपैकी चार दिवस त्याला कुळागरात बोलावलं की पाय दुखतात. त्याला आवडलेला गेम कुठला, तर शेतीचा! हार्वेस्ट मून, 2003 चा, गेम बॉय ॲडव्हान्सवरचा. सकाळी उठायचं, नांगरायचं, बी टाकायचं, झारीने पाणी घालायचं, गाईला चारा. तीस-तीस दिवसांचे चार ऋतू. उन्हाळ्यात मध्येच वादळ येतं आणि पीक झोपवतं. ते झालं त्या दिवशी हा जेवला नाही. माझे वडील शेजारी बसून म्हणाले, "आता कळलं?" एवढंच.

अडचण इंग्रजीची. शाळा मराठी माध्यमाची, आणि यात गावातलं प्रत्येक माणूस बोलतं. सुरुवातीला दर दोन मिनिटांनी "बाबा, हे काय लिहिलंय?" मला कंटाळा येईपर्यंत. पण कोंबडी विकायची की ठेवायची हे वाचल्याशिवाय कळत नाही, त्यामुळे तो वाचायला लागला. शिकवणीचं इंग्रजी अजून तसंच आहे, 'टर्निप' आणि 'फॉडर' मात्र पाठ. पोकेमॉनचंही तेच, वाचता येत नसेल तर पहिल्या गावातच पोर अडकतं. ज्याला वाचायची चीड आहे त्याच्यासाठी वरून पडणारे ठोकळे रचायचा टेट्रिस बरा.

काजूगर

पोफळ, तुमच्या वडिलांना नमस्कार.

गडगडाट

सेव्ह स्टेटबद्दल कोणी बोलत नाहीये. या डब्यांत कुठल्याही क्षणी खेळ गोठवून ठेवता येतो आणि मेलं की तिथूनच पुन्हा. आमचा मुलगा दर उडीआधी साठवायचा. उडी, मेला, परत. उडी, मेला, परत. याला खेळणं म्हणायचं का? आमच्याकडे आता नियम आहे: जेवायला बोलावलं, बस आली किंवा झोपायची वेळ झाली तरच साठवायचं.

सोलकढी

गडगडाट, एवढं कडक कशाला? आपण कॅरममध्ये लहान पोरांना रेषेच्या पुढून मारू द्यायचो की. ते जुने गेम नाणी टाकायच्या दुकानांच्या सवयीने बनलेले, माणूस लवकर मरावा म्हणूनच. आठ वर्षांच्या पोराने त्या दुकानदाराचा गल्ला का भरायचा?

पावसाळी

दोन गोष्टी, दोन्ही कार्डाच्या.

डब्याबरोबर आलेलं कार्ड दुसऱ्या महिन्यात गेलं. मुलीच्या पोकेमॉनचे पाच आठवडे त्यात होते. ती काही बोलली नाही, तेच वाईट वाटलं. आणल्या दिवशीच सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घ्या आणि चांगल्या कंपनीचं कार्ड घालून त्यावर परत टाका.

दुसरं, आत काय आहे ते एकदा स्वतः बघा. आमच्यात 'लढाई' म्हणून मॉर्टल कॉम्बॅट होता. 1992 चा तो गेम, त्यावरून अमेरिकेत मोठा गदारोळ झाला, आणि 1994 पासून गेमच्या खोक्यांवर वयाचे शिक्के यायला लागले त्यात या गेमचा मोठा हात. आमची पोर सहा वर्षांची.

आणि पटो न पटो, सांगून ठेवते: ते हजारो गेम कोणाच्या तरी मालकीचे असतात, दुकानदाराने परवानगी घेऊन भरलेले नसतात. मी मुलीला हे सांगितलं. तेव्हापासून आम्ही जुन्या यंत्रांसाठी आज लिहिले जाणारे नवे गेमही शोधतो. 2019 चा मायक्रो मेजेस विकत घेतला, चाळीस किलोबाइटचा अख्खा गेम. टोबू टोबू गर्ल तर बनवणाऱ्यांनीच फुकट ठेवलाय.

खाजे

चवथीला आमच्या मूळ घरी बारा पोरं आणि एक डबा. वरती गणपतीपुढे टांगलेली फळांची माटोळी, खाली रांग. अशा वेळी लांबण लागणारा गेम कामाचा नाही. मारिओत दोघांचं आळीपाळीने चालतं, मेला की डबा पुढे. दोन दिवस त्यावर निघाले. फक्त नेवऱ्या खाऊन खेळायला बंदी घाला. तुपाने बटणं अशी चिकटली की मारिओ आपणहून उजवीकडे पळत सुटला आणि पोरांना वाटलं, भूत.

रणगाड्यांचा गेम, बॅटल सिटी, नक्की ठेवा. त्यात स्वतःचा नकाशा बनवता येतो. पूर्वी यंत्र बंद केलं की तो जायचा, आता साठवता येतो. (गडगडाट, याला तरी परवानगी?)

गडगडाट

दिली.

तिठा

सगळ्यांना धन्यवाद. कालपर्यंतची हकिकत: सगळं कार्ड कॉम्प्युटरवर उतरवलं, नवं कार्ड घातलं, त्यात नऊच गेम. पोराला आधी वाटलं की मी डबा बिघडवला. दोन दिवस फुगून होता. कर्बी सुरू केला, योशी "बाळांचा" म्हणून नाकारला, मग मी नसताना खेळताना सापडला.

आणि बॅटल सिटी. नकाशा तेरा बाय तेरा चौकोनांचा असतो हे त्याने मोजून काढलं. आता गणिताच्या चौकटीच्या वहीत मागच्या पानांवर आमचा परिसर काढतोय. गेममध्ये जो गरुड राखायचा असतो त्याच्या जागी आमचं घर, भोवती पोलादी भिंत, झाडीच्या जागी काजूची बाग, आणि मधून आडवी मांडवी नदी. गेममध्ये पाण्यावरून गोळी जाते पण रणगाडा जात नाही. काल रात्री अंथरुणातून उठून विचारायला आला, की मग फेरीबोट कुठली वापरायची.

फेरीबोट

आलोच.