नाताळची सुट्टी, गारठलेली शेड आणि जुने गार्डन ट्रॅक्टर: तुमचे अनुभव सांगा

शेडवाला (विस्कॉन्सिन)

डिसेंबर उजाडला की गवत कापणं बंद, ऑफिस अर्धं रिकामं, आणि वर्षभर ‘बघू नंतर’ म्हणून ताडपत्रीखाली सारलेली धुडं बाहेर निघतात. हा धागा त्यांच्यासाठी.

ज्यांना ही जात माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हे आपल्याकडचे मिनी ट्रॅक्टर नव्हेत, आणि नुसतं गवत कापणारं मोअरही नव्हे. साधारण ७ ते २० हॉर्सपॉवरचं, बहुधा एका सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, बिडाचा गिअरबॉक्स, आणि मागे लहानसा नांगर लावला तर खरोखर ओढेल एवढी ताकद. अमेरिकेत उपनगरं पसरली, घराभोवती अर्धा-एक एकर आला, तेव्हा मोठ्या ट्रॅक्टर कंपन्याही या धंद्यात उतरल्या. इंटरनॅशनल हार्वेस्टरने कब कॅडेट आणला, १९६३ मध्ये जॉन डिअरने ११०. आम्ही मिलवॉकीकर या बाबतीत नशीबवान. ११० बनायचा तो होरिकनचा कारखाना, सिम्प्लिसिटी आणि बोलेन्स जिथे बनायचे ते पोर्ट वॉशिंग्टन, सगळं तासाभराच्या अंतरात. छोटी इंजिनं बनवणारी ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन तर गावातलीच. त्यामुळे इथे दर चौथ्या गॅरेजात काहीतरी गंजत पडलेलं सापडतं.

लिहिताना दोन गोष्टी सांगा: सुट्टीत काय उघडलंत, आणि त्याला कुणाचा हात लागला. मला दुसऱ्यात जास्त रस आहे. कोहलरच्या जुन्या इंजिनांचे पार्ट अजून बाजारात मिळतात; जे मिळत नाहीत ते कुणाच्या तरी शेडमध्ये कॉफीच्या डब्यात असतात, आणि तो डबा बहुतेक वेळा नाताळातच उघडतो.

मिशिगनकर

माझा व्हील हॉर्स सी-१२०. ही कंपनी आमच्या राज्याच्या सीमेला लागून असलेल्या साउथ बेंडची. पाँड नावाच्या बापलेकांनी १९४६ मध्ये सुरू केली, पुढे अमेरिकन मोटर्सकडे गेली आणि १९८६ मध्ये टोरोने घेतली. सत्तरीच्या दशकातलं हे मॉडेल, १२ हॉर्सपॉवरचं कोहलर के-३०१ इंजिन. एका इस्टेट सेलमध्ये (घरातलं सगळं सामान विकायला काढतात तो) कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी उभा होता. सायलेन्सरचं तोंड वर आणि उघडं, म्हणजे किती पावसाळे आत गेले असतील ते विचारू नका. पिस्टन ठार जाम.

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत प्लग काढून अ‍ॅसिटोन आणि ट्रान्समिशन ऑइल निम्मं-निम्मं ओतलं. रोज कामावरून आलो की थोडं आणखी ओतायचं आणि फ्लायव्हील दोन्ही हातांनी इकडे-तिकडे रेटायचं. ठोकाठोकी अजिबात नाही, कारण रिंगा मोडल्या की सिलिंडरला ओरखडे. एका संध्याकाळी बारीक ‘कट्’ झालं आणि चाक बोटभर फिरलं. बायकोला वरून खाली बोलावून दाखवलं. ती म्हणाली, “छान,” आणि वर गेली.

हेड (सिलिंडरवरचं झाकण) उघडल्यावर खरं चित्र दिसलं. पिस्टन जिथे थांबला होता तिथे सिलिंडरमध्ये गंजाचं कडं, नख फिरवलं की अडकायचं. नुसत्या होनिंगने (दगडाने घासून) जाण्यासारखं नव्हतं, बोअर करणं, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा करणं, भाग होतं. आणि नाताळच्या आठवड्यात सगळी मशीन शॉप बंद.

आमच्या रस्त्याच्या टोकाला एक निवृत्त टर्नर राहतो. ऐंशीच्या पुढचा, एकटा. त्याच्या तळघरात लेथ आहे, बोअरिंग बार आहे, हे मला पोस्टमनकडून कळलं. ब्लॉक ढकलगाडीत घालून नेला. तो आधी काहीच बोलला नाही. बोअर गेज आत सोडलं, तीन ठिकाणी फिरवलं आणि पाटीवर आकडे मांडले. “दहा थाऊत भागणार नाही, वीस लागतील.” (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग.) मी वीस थाऊ ओव्हरसाइज पिस्टन मागवला. त्याने तोही आधी हातात घेऊन मापला, मगच बार लावला. डब्यावरच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, हा त्याचा नियम. २६ डिसेंबरला काम झालं. सिलिंडरच्या आतल्या तिरक्या रेघांचं क्रॉस हॅच इतकं सुबक की तेल लावायला हात होईना.

पैसे विचारले तर म्हणाला, चालू झाला की वसंतात माझ्या बायकोची भाजीची बाग नांगरून दे. बायको जाऊन बरीच वर्षं झालीत, पण बागेला तो अजून तिचीच बाग म्हणतो. एप्रिलमध्ये नांगरली. आता दर वर्षी नांगरतो.

या इंजिनाचे पॉइंट (प्लगच्या ठिणगीची वेळ ठरवणारा स्विच) ब्लॉकच्या बाहेर, छोट्या झाकणाखाली असतात, ही कोहलरची केवढी कृपा. फ्लायव्हील खोलावं लागत नाही. गॅप २० थाऊ ठेवला, कंडेन्सर नवा टाकला, आणि चौथ्या-पाचव्या किकला निळसर धूर सोडत सुरू झाला.

तेलकट

@मिशिगनकर, किक? सी-१२० ला स्टार्टर असतो ना?

मिशिगनकर

स्टार्टरच्या चौथ्या-पाचव्या चावीला म्हणतो. बुलेटवर वाढलेल्या माणसाची भाषा, सोडा.

बफेलोची सूनबाई

मला इंजिनातलं ओ की ठो कळत नाही, पण लिहिणारच. डिसेंबर २०२२ चं आमच्याकडचं वादळ बातम्यांत पाहिलं असेल. ऐन नाताळात. गाड्या रस्त्यावर आणायलाच बंदी, दार उघडलं तर समोर पांढरी भिंत. नवरा कामानिमित्त टेक्सासात अडकलेला; मी, सासूबाई आणि दोन पोरं.

वादळ ओसरल्यावर सकाळी धडधड ऐकू आली. पलीकडच्या आळीतले एक आजोबा, नारिंगी रंगाचा जुना सिम्प्लिसिटी, पुढे स्नो ब्लोअर, मागच्या चाकांना साखळ्या. छातीएवढ्या बर्फात ते यंत्र घुसत नाही, हे तेव्हा कळलं. आजोबा आधी फावड्याने वरचा थर पाडायचे, मग यंत्र पुढे न्यायचे, मग मागे, पुन्हा फावडं. एका ड्राइव्हवेला तासाच्या वर लागत होता. आमचा करून ते पुढच्या घरी गेले, तिथून पुढच्या. ज्या घरांत म्हातारी माणसं किंवा तान्ही मुलं, ती त्यांनी आधी धरली होती; यादी खिशात होती, पेन्सिलीने लिहिलेली.

सासूबाईंनी खिडकीतून पाहिलं आणि मला म्हणाल्या, “त्या माणसाच्या पोटात काही आहे का बघ.” थर्मासमध्ये आल्याचा चहा आणि डब्यात पोह्यांचा चिवडा दिला. आजोबांनी हातमोजा न काढताच चिवडा तोंडात टाकला, अर्धा बर्फात सांडला. आता दर डिसेंबरात सासूबाई त्यांच्यासाठी वेगळा डबा करतात, मिरच्या कमी आणि शेंगदाणे जास्त. नवऱ्यालाही तेव्हापासून असा एक ट्रॅक्टर हवाय. गॅरेजमध्ये जागा नाही, हे मी इथे जाहीरपणे नोंदवून ठेवते.

शेडवाला

सूनबाई, जागा होते. :)

बर्फासाठी घेणाऱ्यांना एक सूचना. साखळ्यांबरोबर मागच्या चाकांत वजनही लागतं, नाहीतर चाकं जागेवर फिरतात. पूर्वी टायरमध्ये कॅल्शियम क्लोराइडचं पाणी भरायचे. गळालं की रिम खाऊन टाकतं, म्हणून आता लोक काच धुण्याचं न गोठणारं पाणी किंवा बीटाचा रस भरतात. जुनं यंत्र घेताना व्हॉल्व्हजवळ रिम नीट पाहा. तिथे पांढरी खपली दिसली तर भाव पाडायला हरकत नाही.

कृष्णाकाठ (सध्या इंडियाना)

आमचे आबा गेल्या वर्षी सहा महिने इकडं होते. एस.टी. डेपोतून निवृत्त, गाव वाळवा तालुक्यात. पहिल्या आठवड्यात टीव्ही बघून कंटाळले, दुसऱ्यात माझ्या गाडीचं बॉनेट उघडायला लागले. तिसऱ्यात शेजाऱ्याच्या गॅरेजातून आवाज आला आणि चपला घालून थेट तिकडं. मी मागं धावलो.

शेजारी कब कॅडेट १२२ घेऊन बसलेला. इंजिन सुरू, पण रेस एकसारखी राहत नव्हती; वर जायची, खाली यायची, वर जायची. आबांनी शेजाऱ्याला हाताने थांब म्हटलं, एअर क्लीनर काढायला लावला आणि कार्बोरेटरच्या तोंडावर तळहात अर्धवट धरला. आवाज लगेच सरळ. आबा माझ्याकडं बघून म्हणाले, “हवा जास्त खातंय.” मग थ्रॉटलची दांडी बोटात धरून हलवली, चांगलीच खुळखुळत होती. झिजलेल्या भोकातून हवा आत शिरत होती. आयुष्य डिझेलवर गेलेलं, पण घरची राजदूत ते कधी कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.

त्यानंतर रोज दुपारी तिकडंच. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. आबा चार बोटं दाखवायचे, तो अर्ध्या इंचाचा पाना द्यायचा. चार सूत म्हणजे अर्धा इंच, हे त्यानं दुसऱ्या दिवशीच हेरलं. त्या झिजलेल्या भोकात पितळेचं बुश, म्हणजे बारीक नळी, दोघांनी मिळून बसवलं, रीमर हातानं फिरवून.

खरी गंमत पुढं. बॉनेटवरचं इंटरनॅशनल हार्वेस्टरचं आयएच हे चिन्ह आबांनी पाहिलं आणि एकदम खूश. आमच्या आज्यानं घेतलेला ट्रॅक्टर बी-२७५. १९६३ मध्ये महिंद्रानं इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर कंपनी काढली, त्यांचाच तो. आबा त्याच्यावरच ट्रॅक्टर शिकले. फोनमधला जुना फोटो शेजाऱ्याला दाखवला, तर तो आत जाऊन स्वतःच्या बापाचा फोटो घेऊन आला, तसल्याच लाल ट्रॅक्टरवर बसलेला.

खंडेनवमीला आबांनी आपली हत्यारं पूजली आणि त्याचीही. पाने ओळीनं मांडून हळद-कुंकू, वॉलमार्टमधली पिवळी शेवंती. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर कुंकवाचा टिळा. शेजाऱ्यानं तो पुसला नाही. धुताना तेवढी जागा सोडतो. नाताळला त्यानं आबांना इंटरनॅशनलचा जुना पाना भेट दिला, आणि तो हँडबॅगेत नेता येत नाही म्हणून आबा विमानतळावर माझ्यावर चिडले. चेक-इनमध्ये गेला शेवटी.

तेलकट

माझं काम कंटाळवाणं: गंज काढणे. प्लास्टिकच्या टबात पाणी, धुण्याचा सोडा, आणि बारा व्होल्टचा चार्जर. ऋण टोक पार्टला, धन टोक भंगार लोखंडाच्या पट्टीला. रात्रभर ठेवलं की सकाळी गंजाचा काळा गाळ ब्रशने निघतो. यंदा ट्रॅक्टरच्या डोझर ब्लेडच्या (पुढे लावायचं ढकलायचं पातं) सगळ्या पिना आणि ब्रॅकेट काढले. चार्जर मेव्हण्याचा, टब बायकोचा.

शेडवाला

@तेलकट, ठळक अक्षरांत दोन गोष्टी जोडतो. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. आणि हायड्रोजन निघतो, तेव्हा दार उघडं, ठिणगी लांब. अ‍ॅल्युमिनियमचा पार्ट टबात टाकलात तर तो खाल्ला जाईल, म्हणून कार्बोरेटर बाहेरच ठेवा.

वैतागलेला

सगळं गोडगोड चाललंय म्हणून दुसरी बाजू. चालू स्थितीतला ट्रॅक्टर स्वस्तात घ्यायचा, खोलायचा आणि तुकड्यांनी चौपट भावाला विकायचा, असा एक धंदा आहे. मी अशाच एका विक्रेत्याकडून कार्बोरेटर मागवला. फोटोत चकचकीत, हातात आला तो आतून पांढरा पडलेला, फ्लोटची पिन मोडलेली. परत घेणार नाही म्हणाला. मला त्यापेक्षा गंजका पण अख्खा ट्रॅक्टर देणारा माणूस बरा वाटतो. बास, एवढंच.

ओहायोची आई

आमच्या गावात नाताळच्या आधी शनिवारी संध्याकाळी ट्रॅक्टरची दिव्यांची मिरवणूक असते. मोठे शेतीचे पुढे, आमचे छोटे मागे. प्रवेश फी म्हणजे एक नवं, न गुंडाळलेलं खेळणं. ती सगळी गरजू मुलांना जातात. माझ्या लेकीने, वय तेरा, यंदा पहिल्यांदा जॉन डिअर ११० चालवला. बाबा शेजारून चालत, हात क्लचवर धरायला तयार.

माळा एलईडीच्या, बारा व्होल्टच्या, त्यामुळे जुन्या चार्जिंगवरही भागतं. पूर्वी एकाने जुन्या काचेच्या बल्बांच्या माळा लावल्या होत्या, त्याची बॅटरी चौकातच बसली आणि सांताक्लॉजला उतरून ढकलावं लागलं. लोकांना तेच जास्त आवडलं.

लेकीने पुढे तांबडा कंदील टांगला, दिवाळीचा. कुणी विचारलं तर सांगायची, आमच्याकडे हा आधी लागतो.

रंगारी

११० चा विषय निघालाच आहे तर: १९६९ च्या सुमारास जॉन डिअरने पांढऱ्या अंगाचे आणि पिवळं, नारिंगी, निळं किंवा लाल बॉनेट असलेले ‘पॅटिओ’ ट्रॅक्टर काढले होते. असा सापडला तर कृपा करून हिरवा रंगवू नका. बॉनेटच्या आतल्या बाजूला खरवडून मूळ रंग पाहा. बाकी मत ज्याचं त्याचं. मी तर झिजलेला मूळ रंग तसाच ठेवून वर जवसाचं तेल पुसतो.

नवशिका (न्यू जर्सी)

मस्त धागा. मी नुकताच कब कॅडेट १०० घेतला. स्टार्टर-जनरेटर (इंजिन सुरू करणारं आणि बॅटरी चार्ज करणारं एकच यंत्र) आहे, पण त्याचा पट्टा ताणायची वरची पट्टी गायब. मागच्या मालकाने तारेने बांधलंय. कुणाकडे आहे का?

कृष्णाकाठ

माझ्या शेजाऱ्याकडं आहे, आत्ताच विचारलं. पैसे नकोत म्हणतोय. पत्ता निरोपात पाठवा, सोमवारी टाकतो. बोल्ट जुनाच वापरला तरी चालेल, पट्टा मात्र नवा घ्या. झिजलेला पट्टा स्टार्ट करताना घसरतो आणि लोक उगाच जनरेटर खोलत बसतात.