पल्लव : पालवी, पहलव की तोंडै?

प्रश्न : कांचीच्या पल्लव राजघराण्याचं नाव आपल्या 'पालवी'शी जोडायचं की इराणकडच्या 'पहलव' लोकांशी? जुन्या पुस्तकांत दोन्ही वाचायला मिळतं.

प्रतिसाद : पहलव बाजूला ठेवा. तो तर्क जवळजवळ सगळा उच्चारातल्या साम्यावर उभा आहे. या घराण्याच्या कोरीव लेखांत इराणी मुळाचा उल्लेख नाही, ते स्वतःला भारद्वाज गोत्राचे म्हणवतात. शिवाय दहाव्या शतकाच्या सुमारास संस्कृत कवी राजशेखराने देशांची यादी दिली, तीत पल्लव दक्षिणापथात आहेत आणि पहलव उत्तरापथात. त्याच्या काळी तरी ही नावं वेगळी होती.

आता पालवी. आंध्रातल्या अमरावतीच्या स्तंभावरच्या पल्लव लेखात कथा येते, की अश्वत्थामा आणि एका अप्सरेचं मूल कोवळ्या पल्लवांच्या राशीत ठेवलं होतं, म्हणून त्याचं नाव पल्लव. ही नावावरून रचलेली कथा आहे, इतिहास नव्हे. पण राजांना आपल्या नावाचा अर्थ 'कोवळं पान' असाच अभिप्रेत होता, हे तिच्यातून कळतं, आणि मला ते मोलाचं वाटतं.

दुसरा प्रतिसाद : तमिळ बाजू राहून गेली! तमिळमध्ये यांना तोंडैयर म्हणत आणि कांचीभोवतीच्या मुलखाला तोंडैमंडलम्. 'तोंडै' म्हणजे वेल, आपला तोंडलीचा. तेव्हा 'पल्लव' हे 'तोंडैयर'चं संस्कृत रूप असावं, असं काही अभ्यासकांनी मांडलं. मला हेच मत सर्वात पटतं. मात्र 'तोंडै' आणि 'तोंडली' कानाला जुळले म्हणून या दोन शब्दांचं नातं लगेच जाहीर करू नये, पहलवांबाबत तेच तर झालं.

पहिला प्रतिसादक : मत चांगलं आहे, पण एक गोष्ट लक्षात घ्या. घराण्याचे सुरुवातीचे ताम्रपट तमिळमध्ये नाहीत, प्राकृतात आहेत. मयिदवोलूचा ताम्रपट कांचीहून निघाला, पण आज्ञा धान्यकटकाच्या अधिकाऱ्याला, म्हणजे थेट आंध्रात. 'पल्लव' हे नाव त्या प्राकृत लेखांतच आहे. संस्कृत ताम्रपट त्यानंतर येतात आणि तमिळ मजकूर आणखी उशिरा. म्हणून 'तोंडैयर'चं भाषांतर झालं असेल, तर ते फार लवकर झालेलं असलं पाहिजे.

आणखी एक : मराठीतले 'पालव' (पदर), 'करपल्लवी', 'नेत्रपल्लवी' हे शब्द कोवळ्या पानाच्या अर्थातून आलेले आहेत. राजघराण्याशी त्यांचा संबंध लावू नका.

प्रश्न : पल्लव राजा पहिल्या नरसिंहवर्म्याची 'वातापिकोंड' ही पदवी मराठीत कशी फोडायची?

प्रतिसाद : 'कोंड' म्हणजे 'घेतलेला', म्हणून 'वातापी जिंकणारा'. वातापी म्हणजे बदामी, चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीची राजधानी, 642 च्या सुमारास पडली. पुढे चोळांनी हाच साचा वापरला : परांतकाचं 'मदुरैकोंड', राजेंद्राचं 'गंगैकोंड'. याच नरसिंहवर्म्याच्या 'मामल्ल' (महामल्ल) या बिरुदावरून मामल्लपुरम् हे नाव पडलं, त्यामुळे लिहिताना 'महाबलीपुरम्'पेक्षा तेच रूप घ्यावं. आणि विशेषण हवं असेल तर 'पल्लवी शिल्पे' नको, 'पल्लवकालीन' लिहा. पल्लवी म्हटलं की गाण्याची ओळ आठवते.