मदत हवी आहे: फिट्सच्या गोळ्या चालू असताना तांबी की इंजेक्शन?
माझ्या धाकट्या बहिणीला फिट्स येतात, कार्बामाझेपिन चालू आहे. लग्न नुकतंच झालंय, मूल दोन-तीन वर्षांनी हवंय. या औषधामुळे रोजच्या गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी होतो, हे तिला आधी कुणी सांगितलंच नाही. फार राग येतो.

आता तांबी बसवावी, की सरकारी दवाखान्यातलं दर तीन महिन्यांनी घ्यायचं ‘अंतरा’ इंजेक्शन? इंजेक्शन थांबवल्यावर दिवस राहायला वेळ लागू शकतो, म्हणून माझा कल तांबीकडे आहे. सासूबाई तर फिट्सच्याच गोळ्या सोड म्हणतात. ते आम्ही होऊ देणार नाही.

फिट्स असताना तांबी बसवलेल्या कुणी आहात का? पाळीत अंगावरून जास्त जातं का? आणि फॉलिक अ‍ॅसिड दिवस राहण्याच्या किती आधी सुरू केलंत? ताईंनो, जरूर लिहा.