घोडा बसवण्याआधी
ठासणीच्या (तोंडातून दारू-गोळी ठासून भरायच्या) जुन्या रायफलीचा घोडा (चाप ओढल्यावर आपटणारा भाग) आणि निपल (ज्यावर पेटवणारी स्फोटक टोपी बसते ती छोटी पोकळ नळी) दोन्ही गायब आहेत, तर तयार सुटे भाग आणून बसवावेत का, असा मूळ प्रश्न आहे. बसवा, पण आधी नळीत लाकडी काठी तळापर्यंत घाला, तोंडाशी खूण करा आणि ती बाहेरून नळीला लावून पाहा. टोक कानापासून (ठिणगी आत जाण्याच्या भोकापासून) दोन-तीन बोटं अलीकडेच राहिलं, तर आत बार (भरलेली दारू-गोळी) असू शकतो. काळी दारू कोरडी राहिली तर कित्येक वर्षांनीही पेटते. अशा वेळी काम थांबवून बंदूक जाणत्या कारागिराकडेच द्यावी.

मग कळपट्टी (घोडा ज्यावर बसतो ती बाजूची धातूची पट्टी) नीट न्याहाळा. तिच्यावर बुजवलेली भोकं दिसली, तर ही बंदूक मुळात चकमकीची (गारेच्या ठिणगीने पेटणारी) असून नंतर टोपीवर आणलेली असण्याची शक्यता मोठी. एकोणिसाव्या शतकात असे बदल सर्रास होत. त्यामुळे 'मूळ' घोडा कोणता, हे आधी ठरवावं लागेल.

निपलचे आटे हे खरं दुखणं. इंग्रज अभियंता व्हिटवर्थने प्रमाणित आट्यांची कल्पना १८४१ साली मांडली, पण बंदुकीचे कारागीर पुढेही आपापल्या मापानेच आटे पाडत. आजचं निपल जबरदस्तीने फिरवलंत तर जुने आटे गेलेच म्हणून समजा. दुसऱ्या घोड्यावरून साचा काढून ओतलात, तर धातू आटून तो किंचित लहान निघतो, तेवढी वाढ साच्यातच ठेवा.

आणि गंज काढायला कुणी पॉलिश पेपर सुचवला, तर तो कृपया नको! तेल आणि चिकाटी पुरते. धातूवरचे घासून गेलेले छाप परत येत नाहीत.