मदत हवी आहे: पक्षाघातानंतर हाताची सखोल थेरपी

बाबांना पक्षाघात होऊन ७ महिने झाले. चालणं सुधारलं, पण उजवा हात मांडीवर नुसता पडून असतो. मनगट थोडं वर उचलतात, बोटं जेमतेम उघडतात. फिजिओथेरपिस्टनी चांगल्या हाताला जाड मोजा घालून सगळी कामं दुबळ्या हाताकडूनच करून घ्यायला सुचवलंय. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टाउब यांची ही पद्धत. मूळ स्वरूपात २ आठवडे, दिवसाला ६ तासांपर्यंत सराव आणि जागेपणीचा ९० टक्के वेळ मोजा.

बाबा अर्ध्या तासातच थकतात, मग चिडतात. परवा वाटी सुटली तर डोळ्यांत पाणी आलं. कुणी हे घरी केलंय का? रोजचे तास कमी करून आठवडे वाढवले तर उपयोग होतो का? चालताना तोल जाऊ नये म्हणून मोजा काढता का? खांदा दुखला तर काय केलंत?